नाकेदारांच्या डोक्यावरील जखमेबाबत

पोलीस ठाणे, उज्जैन. ता. ११ नोव्हेंबर १९५२

मी अनसूया, कै. प्रभाकर टिल्लू यांची विधवा, वय अदमासे ४६, धंदा शेती, राहणार पळसखेडी, परगणा उज्जैन, ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

परवा माझ्या यजमानांचे वर्षश्राद्ध आहे. आमच्याकडे श्राद्धाची पत्रावळ घरच्या हातची लागते, म्हणून काल सकाळी मी गावालगतच्या सरकारी कुरणात पळसाची पाने तोडायला गेले. पानांची गावाला मोकळीक आहे. सासऱ्यांच्या श्राद्धाला यजमान पाने तोडत व मी टाचत असे.

जंगलखात्याचे नाकेदार भेरूसिंग यांनी मला अडवले. ते गावात सर्वांनाच अडवतात. कोणाची कुऱ्हाड ठेवून घेतात, कोणाची कोंबडी नेतात. माझ्याकडे कोंबडी नाही, म्हणून त्यांनी पानांचा गठ्ठा ओढला. मी सोडला नाही. गावचा गाडीवान बापू रस्त्याने चालला होता. तो गाडीतूनच म्हणाला, "नाकेदारसाब, बाईसाब के घर सराध है, जाने दो." इतक्यात गठ्ठ्याचा दोर तुटला. नाकेदार मागे दगडावर पडले व डोके फुटले. बापू त्यानंतर गाडीतून उतरला.

त्याने आपला साफा फाडून जखम बांधली. गाडीत गवत पसरून नाकेदारांना निजवले. मी त्यांचे डोके धरून बसले. वाटेत नाकेदार म्हणत होते, "बापू भैया, धीरे हाँक." म्हणून बापू शहरापर्यंत बैलांपुढे पायी चालला. इस्पितळात नाकेदारांचे साहेब आले, तेव्हा नाकेदारांनी बापूने मारले असे सांगितले व बापूला अटक झाली. त्याच्या अंगरख्यावरचे रक्त पट्टी बांधताना लागलेले आहे. माझ्या लुगड्यालाही लागले आहे. ते मी धुतलेले नाही, तपासावे.

यजमानांना शेवटी इस्पितळात आणले ते बापूच्याच गाडीतून. तेव्हाही तो बैलांपुढे पायी चालला होता. त्याचे उपकार मानायचे राहून गेले, ते येथे लिहून ठेवावेत. श्राद्धाचे जेवण त्याला सांगितलेले आहे. त्याला सोडावे.

ठाण्यात मला बसायला दिले व सर्व ऐकून घेतले, याबद्दल आभारी आहे. मला वाचता येते, म्हणून जबाब मी स्वतः वाचला. एके ठिकाणी 'बापूने ढकलले' असे लिहिले गेले होते, ते जबाब लिहून घेणाऱ्या दिवाणजींनी माझ्यासमोर खोडले. आता बरोबर आहे.

सही : अनसूया प्रभाकर टिल्लू