अडुळशाचे तीन पेले

लाज वाटते सांगायला, पण ऐका. दोन ठिकाणी दम्यावरून नकार आल्यावर बार्शीटाकळीकडची मुलगी पाहायला गेलो. मामांनी बजावलं, "पंप खिशातून काढू नको."

पण भाव पडला म्हणून त्या लोकांनी बैठकीतच कापूस भरून ठेवलेला. त्याला टेकून बसलो आणि छाती शिट्टी वाजवायला लागली.

"जराशी सर्दी हाय," मामा म्हणाले.

"मंग अडुळशाचा काढा घ्या, पाहुणे," मुलीच्या वडिलांनी पेला पुढं केला.

मला नाही म्हणता येत नाही. तीन पेले प्यालो. तोंड कडू झालं, शिट्टी तशीच राहिली. शेवटी श्वासच मिळेना, तेव्हा सगळ्यांसमोर पंप काढून ओढला. मामांनी मान खाली घातली. हेही मोडलं, असं मी धरून चाललो.

पोहे घेऊन आलेली मुलगी दारातच थांबली होती.

"बाबा," ती म्हणाली, "सकाळपासून तुमी मले हाच काढा पाजून राहिले. आता माहा पंप आणू का आतून?"

वडिलांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग मामांकडं. तिच्या हातातले पोहे घेतले आणि म्हणाले, "चाला, ओट्यावर बसू. इथं बसलो तं तारीख काढेपर्यंत दोघंही जातीन."