पापलेटाची पट्टी

सरकारी धोरण लिहायचं म्हणजे एसीत बसायचं, असं वाटतं ना तुम्हाला? परवा साहेबांनी मला दादरच्या मासळी बाजारात पिटाळलं. लहान पापलेट विकू नका, हे कोळणींना सांगायला. सोबत कमीत कमी मापाची पट्टी दिली, तिच्यावर साहेबांचा हसरा फोटो.

एका मावशीच्या पाटीतल्या पापलेटाला मी ती लावली. मासा निम्म्यापर्यंतही पोचेना.

"मावशी, ह्याने अजून अंडीसुद्धा घातली नाहीत. कशाला विकता?"

मावशी फोटोकडे बघत राहिली. "अरे, हे तर माझं बुधवारचं गिऱ्हाईक! भरून तळायला लहानच पाहिजे म्हणतात."

ऑफिसात येऊन मी साहेबांना भीत भीत हे सांगितलं. साहेब जराही ओशाळले नाहीत.

"म्हणून तर धोरण आणतोय रे! बाकीच्यांनी खाणं सोडलं, तरच आपल्याला पुरतील ना?"