खाटेमागची भिंत

— नाही हो मिस्त्री, ती नाही, ही भिंत. ही, जिथं फरशीवर खाटेच्या पायांचे डाग दिसतायत ना, तिथपासून दारापर्यंत. जमिनीपासून छतापर्यंत फळ्याच फळ्या हव्यात मला. आणि काम मजबूत हवं, कागदाइतकं जड काही नसतं — बाइंडिंगच्या कारखान्यात जन्म गेलाय माझा, मला नका शिकवू.

ती पोती? पुस्तकंच आहेत. हसा, हसा. चौथीत शाळा सुटली म्हणून वाचायची भूक सुटते होय? कारखान्यात जी प्रत बिघडते — पानं उलटी शिवली, मधला गठ्ठाच राहून गेला — ती रद्दीत जाते, ती मी मागून घेते. मागून हां, चोरून नाही. धड एकही नाही त्यातलं. एकात बाई नवऱ्याशी भांडून घराबाहेर पडते आणि पान उलटलं की एकदम नातवंडं! मग मी आईला मोठ्यानं वाचून दाखवायची आणि पानं संपली की विचारायची, सांग गं, इथं काय झालं असेल? तिला अक्षर येत नाही, पण असं काही जुळवायची की पुढचं छापलेलं फिकं वाटायचं.

आई कुठं म्हणजे? दादाकडे आहे. खाट गच्चीवर. स्वतःहून गेली ती, मी नाही घालवली — असं बघू नका माझ्याकडे. गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरची टाकी फुटली, खोलीत पाणीच पाणी. मी पुस्तकं उचलायला लागले. पोतं घ्यायचं, ओट्यावर टाकायचं, परत यायचं. आई खाटेवर, भिजलेली, पाय वर घेऊन — तिला धरल्याशिवाय उतरता येत नाही. ओरडली असती तर गेले असते ना मी? पण ती म्हणते कशी, "अगं, त्या कोपऱ्यातलं राहिलं बघ." वाकून हाताला येईल ते मलाच देत होती. शेवटी तिला उचललं तेव्हा हातपाय गारठलेले. आणि तेव्हाही — जाऊ दे — तेव्हाही माझं लक्ष एका फुगलेल्या पुस्तकाकडे होतं.

ताप उतरल्यावर म्हणाली, "मला दादाकडे सोड. तुझ्या पुस्तकांना जागा होईल." नको जाऊस, असं म्हणायला काय जात होतं माझं? पिशवी भरायला घेतली मी. काय करणार, खोली एवढीशी, खाट राहील नाहीतर पुस्तकं. वहिनी चांगली आहे, टीव्ही आहे तिकडं. रोज फोन करते आई, काय वाचतेस म्हणून विचारते. मी म्हणते, खूप वाचते गं. कसलं वाचते! पोत्याची गाठसुद्धा सोडली नाही.

हं? काय म्हणालात? खाटेच्या वरून सुरू केल्या तर — खाली खाट तशीच राहते? दाराच्या वर एक फळी घेतली की सगळी मावतात?

तुम्हाला विचारलं होतं का मी? मला काय डोळे नाहीत? रोज बघते ही भिंत. दिसत होतं मला मावतंय ते, कधीचं दिसत होतं. पण तिचा तो खोकला, अन् दर पानाला "मग पुढं काय झालं?" — एकटीनं वाचायचं होतं हो मला, मनातल्या मनात, मध्ये कुणी न बोलता —

टेप गुंडाळा. गुंडाळा म्हणते ना. आणि जाताना दार ओढून घ्या.