ग्रीसमधलं घर

परदेशात घर घेतोयस? मग आमच्या विनूदादाचं ऐक. दादा जहाजावर इंजिनिअर होता. ग्रीसमध्ये बँका बंद झाल्या आणि समुद्राकाठची घरं निम्म्या भावात निघाली, तेव्हा त्याने शाहपुरात वडिलांना, म्हणजे अण्णांना, फोन केला.

"अण्णा, एका म्हाताऱ्याचं घर घेतोय. सौदा पक्का."

"तुझे पैसे त्याच्या हातात कधी पडतील?"

"बँक उघडेल तेव्हा. ते त्याचं तो बघेल."

"आणि बँक बुडाली तर? त्याचं घरही गेलं, पैसेही गेले. असलं घर आपल्याला नको, बेटा."

अण्णांचं म्हणणं म्हाताऱ्याला सांगून दादाने सौदा मोडला. म्हातारा फार चिडला. पुढे बँका उघडल्या आणि त्याला घर विकावंच लागलं नाही.

अण्णा गेल्यावर दादा त्याला भेटायला गेला. बातमी ऐकून म्हाताऱ्याने ताट वाढलं आणि म्हणाला, "तुझ्या वडिलांनी राखलेलं घर आहे हे. जेवून जा."