दुखवट्याची सुट्टी देऊ नका

प्राचार्य साहेब, प्राध्यापक मंडळी, आणि शेटेकाकू,

मी संगणक खोलीतला रोजंदार टंकलेखक. बारावी नापास. चारचौघांत बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणलं आहे. तेच वाचतो.

शेटे सर गेले. मघापासून ऐकतो आहे, सर महाविद्यालयाचं भूषण होते. भूषण? स्टाफरूममध्ये तुम्ही काय म्हणायचात? "काय बे शेटे, बापाचं धान्याचं दुकान सुटलं, पण दाणे सुटंनात व्हय?" आणि हसायचात.

हो, सर दाणे मांडायचे. टेबलावरच्या चौकटीच्या रेक्झिनवर, मला कळावं म्हणून. चौकटी म्हणजे धातूचा पृष्ठभाग. ज्वारीचा दाणा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला एक चौकट पुरते. तुरीची जोडी म्हणजे ऑक्सिजन. तिला शेजारच्या दोन रिकाम्या चौकटी लागतात. मग ज्वारी आणि तूर शेजारी आली की दोघं वायू होऊन उडणार, जागा मोकळी होणार.

"ज्वारी वाढव," सर म्हणायचे. वाढवली. काम चालू. आणखी वाढवली. चालूच. मग चिमूटभर जास्त झाली, आणि सगळं रेक्झिन ज्वारीनं भरलं. तुरीला जागाच नाही.

मी विचारलं, "सर, हे हळूहळू का न्हाई मेलं?"

"त्येच शोधायलोय, बाबा. त्यो उंबरठा नेमका कुठं हाय? एकदा ओलांडला की पृष्ठभाग मेला. मागं फिरत न्हाई."

तो उंबरठा शोधणारं गणित सरांनी आजारपणात सुरू केलं. संगणकावर ते आत्ताही चालू आहे. अजून काहीच साठवलेलं नाही. वीज गेली की सगळं पुसलं जाणार.

आणि तुम्ही काय ठरवलंत? सभा संपली की दुखवट्याची सुट्टी. इमारतीला कुलूप. मेन स्विच बंद. सकाळी विभागप्रमुखांच्या पाया पडलो. म्हणाले, "माणूस गेला, अन् तू मशीनचं काय घेऊन बसलास बे?"

माणूस गेला म्हणूनच, विभागप्रमुख सर! ते गणित पुन्हा कोण मांडणार? मला येत नाही. तुम्ही मांडणार? जिवंतपणी त्यांना हसलात, आता मान द्यायच्या नावाखाली त्यांचं काम मारता?

काकू, माझा आवाज चढला. माफ करा.

आता मौन पाळायचं आहे. पाळा. मी वर, त्या खोलीत, संगणकाजवळ उभा राहून पाळणार आहे.

साहेब, आधी इमारतीच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे द्या.