दहा नापास पाहिजे

...अन् हे सगळं कशानं झालं? एका चहानं! बिनसाखरेच्या चहानं! तुम्हाले सांगते, वीस वर्षांपासून मी कॉलेजात भूगोल शिकवून राहिली, डोंगर शिकवले, नद्या शिकवल्या, पण आमच्या अभ्यास मंडळाची मीटिंग कोणत्या दिशेनं वाहते ते मले आजपर्यंत समजलं नाही!

अभ्यास मंडळ म्हणजे पोट्ट्यायनं काय शिकायचं, काय नाही शिकायचं, पदवीसाठी काय सक्तीचं, काय नाही, हे ठरवणारी कमिटी. आम्ही चार जण. अध्यक्ष आमचे देवघरे सर. त्यायले एकच मंत्र येते, 'तत्त्वतः मान्य!' पंखा दुरुस्त करा, तत्त्वतः मान्य. पंखा विकून टाका, तेही तत्त्वतः मान्य. दुसऱ्या अमरावतीच्या तज्ज्ञ मॅडम, त्या कायम ऑनलाइन. तीन वर्षांत त्यायचं एकच मत ऐकलं मी, 'माझा आवाज येऊन राहिला का?' तिसरे नत्थूजी. नियम आहे ना, उद्योगातला एक माणूस पाहिजे. आता भूगोलाचा उद्योग कोणता, सांगा! मंग सरायनं बर्डीच्या बाजारातून नत्थूजीले आणलं, त्यायचं शाळेचे नकाशे अन् पृथ्वीचे गोल विकायचं दुकान आहे. झाला उद्योग! अन् चौथी मी, सुभद्रा वानखेडे.

तं दोन वर्षांमागं, मे महिना, बाहेर पंचेचाळीस, खोलीत कूलर असा घरघर करून राहिला जसं विमान सुटते. नवीन धोरण आलं होतं, जुने पेपर कमी करा म्हणे. सर बोलले, 'प्लेन टेबलचा पेपर काढून टाकू. ज्यांची हरकत नाही, त्यांनी हात वर करा.' प्लेन टेबल म्हणजे तीन पायांचा टेबल, तो मैदानात उभा करायचा, वर कागद लावायचा, पट्टीतून समोरचं झाड पाहायचं, रेघ मारायची, असं करत करत मैदानाचा नकाशा काढायचा. चांगला पेपर, हो! माझा आवडता! पण सर बोलले नेमकं त्याच वेळी दारात चहावाला आला, अन् नत्थूजी ओरडले, 'बिनसाखरेचा कोणाले?' मले शुगर. मी हात वर केला! नत्थूजीनं स्वतःचाही मोजायले हात वर केला. अन् पडद्यावरच्या मॅडमनं हात वर केला, कारण त्यायले काहीच ऐकू येत नव्हतं!

सर खूश! 'एकमतानं! तत्त्वतः मान्य!'

पुढं कागद आला सहीले, अन् मी न वाचता सही केली. आता खोटं काहून बोलू?

बरं, पेपर गेला, गेला. या जुलैत माझ्यासमोर उन्नती येऊन उभी राहिली. भिवापूरची पोट्टी, हुशार, जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची बॅच. सगळे विषय पास, फक्त प्लेन टेबल राहिलेला, कारण परीक्षेच्या वेळी कावीळ झाली होती. तिले बी.एड.ले नंबर लागलेला, अन् तीन आठवड्यांत पदवीचा कागद दाखवा लागते. तं ही परीक्षेचा फॉर्म भरायले खिडकीवर गेली. बाबू म्हणते, 'हा विषयच नाही.' ही म्हणते, 'पण मी त्यात नापास आहे ना!' बाबू म्हणते, 'नापास आहे. पण विषय नाही.' ही म्हणते, 'मंग पास कशात होऊ?' बाबू म्हणते, 'ते अभ्यास मंडळाले विचारा.'

अन् ते पोरगं मले विचारून राहिलं हो! 'मॅडम, हा पेपर कोणी काढला?' डोळ्यांत पाणी. मी काय सांगू? चहानं काढला म्हणू?

तातडीची मीटिंग बोलावली. सर म्हणते, 'जुन्या पेपरले समकक्ष नवा पेपर शोधू, तो तिनं द्यावा.' शोधला. तुम्हाले सांगते, अर्धा तास यादी पाहून सर म्हणते, 'ऑफिस व्यवस्थापन कसा राहील? त्यातही टेबल असतेच.' बाप्पा!! मी म्हटलं, सर, जुनाच पेपर एकदा पुन्हा घेऊ, पोट्टीचं वर्ष जाऊन राहिलं. 'तत्त्वतः मान्य! पण नियमाप्रमाणे दहा विद्यार्थी असल्याशिवाय पेपर घेता येत नाही.' मी म्हटलं, कोणाचा नियम? 'आपलाच. आपणच मंजूर केला.' मी कधी मंजूर केला? ...त्या दिवशी समोसे असतील!

मंग नत्थूजी उठले. तीन वर्षांत पहिल्यांदा उद्योग बोलला! 'मॅडम, एक पोट्टी आहे तं नऊ अजून आणा. या पेपरात नापास झालेले काय कमी आहेत का? जुने रजिस्टर काढा, सगळ्यायले एक शेवटचा चान्स द्या!'

पडद्यावरून आवाज आला, 'माझा आवाज...' सर म्हणाले, 'त्यायचीही हरकत नाही. तत्त्वतः मान्य!'

अन् सुरू झालं, हो! दुनिया पास झालेल्या विद्यार्थ्यायचे फोटो लावते, आम्ही नापास शोधून राहिलो! मी अन् उन्नती, तोंडाले ओढणी बांधून धुळीतले रजिस्टर उपसू अन् फोन लावू. 'हॅलो, तुम्ही प्लेन टेबलमध्ये नापास आहे ना? अभिनंदन!' कोणी फोन आपटे, कोणी म्हणे लोनवाले दिसते. बळीराम सापडला, कळमन्यात संत्र्याचा अडत्या. म्हणे, 'मॅडम, पोरगी बारावीत आहे माझी, अन् मी पेपर देऊ?' पण आला. पंचफुला सापडली, एका गावची सरपंच, तिले पदवी नाही म्हणून विरोधक टोमणे मारत, ती तं फोनवरच नाचली. संघपाल सापडला, बस चालवते. असे करत करत नऊ झाले. उन्नती धरून नऊ! दहावा काही सापडेना. अन् यादी द्यायले उरला एक दिवस.

शेवटचं रजिस्टर. सगळ्यात जुनं. उन्नती बोट ठेवून वाचून राहिली, 'वानखेडे जितेंद्र नामदेवराव, अनुपस्थित, नापास... मॅडम, तुमचंही आडनाव वानखेडेच ना? योगायोग!'

मी म्हटलं, 'हो वं... योगायोग.'

अन् खुर्चीवर बसली. कारण नामदेवराव माझे सासरे!

तुम्हीच सांगा! बावीस वर्षं झाली लग्नाले! माझ्या बाबांची एकच अट होती, मुलगा ग्रॅज्युएट पाहिजे. पोहे खाताना सांगितलं ना यायनं, अन् आज मले काय समजून राहिलं? घरी गेली. हे जेवून राहिले होते. मी वांग्याची भाजी वाढली अन् विचारलं, 'अहो, तुम्ही बी.ए. कधी झाले?'

घास हातातच राहिला. 'काहून वं?'

'तुम्ही माझ्या बाबांले काय सांगितलं होतं?'

'मी म्हटलं होतं, बी.ए. केलं.' वर मान करायची हिंमत नाही, पण तोंड चालूच! 'केलं, असं म्हटलं. झालं, असं म्हटलंच नाही!'

पाहिलं? बावीस वर्षं मी त्या दोन शब्दांच्या फटीत संसार करून राहिली!

मी भांडली. बम भांडली. मंग म्हटलं, आता पेपर द्या, दहावे व्हा. तं म्हणते, 'अजिबात नाही! बर्डीवर कापडाचं दुकान आहे माझं, लोक हसतील.' सकाळी मी उन्नतीले घेऊन थेट दुकानात गेली. ती पोट्टी काही भांडली नाही, हो. फक्त म्हणाली, 'काका, तुम्ही नाही आले तं नऊच राहते. मंग माझंही जाते.'

हे कापडाच्या थानाची घडी घालत राहिले. घातलेलीच घडी पुन्हा घातली. मंग हळूच म्हणाले, 'सरावाच्या दिवशी माझ्याच्यानं टेबल पडला होता बेटा. सगळा वर्ग हसला. मी घरी गेलो, अन् परीक्षेले गेलोच नाही. नंतर बाबांनी दुकानात बसवलं.'

माझा राग कुठं गेला, देव जाणे. वर्गात टेबल पाडणाऱ्या किती पोट्ट्यायले मीही हसली असेन... गेले असतील का तेही घरी?

'रविवारी दुकान बंद राहते,' हे म्हणाले. 'रविवारी ठेवा.'

ठेवला! मी घरचीच, म्हणून परीक्षक अमरावतीच्या मॅडम, स्वतः आल्या! मैदानात उभ्या राहून पहिलं वाक्य, 'माझा आवाज येऊन राहिला का?' दहाच्या दहा ओरडले, 'हो!!' मले दूर, पायरीवर बसवलेलं. सरपंचबाई पदर खोचून फीत ओढून राहिली, अडत्या झाडापर्यंतचं अंतर नजरेनंच सांगून राहिला अन् बरोबर सांगून राहिला! अन् आमचे हे. टेबलाजवळ गेले, वर कागद लावला... अन् टेबल हलला. मी डोळेच मिटले! उघडले तं हे खाली बसून एकेक पाय जमिनीत दाबून राहिले होते, जसं दुकानात गिऱ्हाइकाले कापड दाखवते तसं, निवांत. टेबल उभा राहिला. यायनं पट्टी लावली. रेघ मारली. कोणी हसलं नाही.

सगळे पास! दहाही! उन्नतीनं शेवटच्या तारखेच्या एक दिवस आधी कागद नेऊन दाखवला, झाली तिची बी.एड.ची ॲडमिशन! सरायनं कॉलेजच्या अहवालात लिहिलं, 'अभ्यास मंडळाचा अभिनव उपक्रम'. अभिनव! मी सहीच्या आधी तो अहवाल तीनदा वाचला, हो.

अन् आमच्या घरी? यायनं पदवी फ्रेम करून आणली. सोनेरी काठाची! हॉलमध्ये खिळा एकच. तिथं माझी पीएच.डी. होती. संध्याकाळी घरी येऊन पाहते तं भिंतीवर बी.ए., अन् माझी पीएच.डी. फ्रिजवर, टमाट्याच्या टोपलीमागं उभी! मी म्हटलं, 'अहो, अन् माझी?'

तं म्हणते, 'तुझी खरी आहे, हे सगळ्यायले माहीतच आहे वं!'

मी म्हटलं, राहू द्या मंग भिंतीवर तुमचीच! आणली दोन किलो टमाटी, अन् ठेवली पीएच.डी.समोर.