मालकांचा दगड

माझं माहेर पाथर्डीकडचं, तिकडं माळ न् कुसळं, दुसरं काय न्हाई, आन दिलं ते बी असल्याच माळावर. पर इथं एक गोरा साहेब हुता. त्याला इंग्रज म्हनलं की लई रागवायचा, मी स्कॉटलंडचा म्हनायचा. त्यानं तांब्याची खाण काढली हुती. आमचे मालक खाणीत कामाला. साहेब त्यांला सांगायचा, इथं शहर हुईल, पेठ हुईल, आगगाडी यील, आन मालक घरी यून ते समदं मला सांगायचे, आपन पेठंत घर बांधू म्हनायचे. मी म्हनायची, आधी पान्याचं बघा. हसायचे नुसते.

तर काय सांगू तुमाला, साहेबानं त्याच्या मुलखातली एक रीत इथं लावली हुती. आत उतरताना ज्यानं त्यानं एक दगड खाणीच्या तोंडाशी ठिवायचा, वर आलं की आपला आपन उचलायचा. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. एक दिवस आत दरड पडली. समदे वर आले, आपापले दगड उचलले, मालकांचा तेवढा राहिला. उकरलं, लई उकरलं, मालक घावले न्हाईत. साहेब खाण बंद करून गेला, त्याचं शहर बी गेलं. सासूबाय म्हनल्या, दगड हाय तवर माझा ल्योक कामावर हाय, तू कुकू पुसायचं न्हाई. म्या न्हाई पुसलं. लोकं बोलायची, बोलू द्या.

आन आता ह्यो दुष्काळ. हिरी आटल्या, जनावरं गेली, मी बी सरकारची सुकडी खायाला मिळती म्हनून रस्त्याच्या कामावर खडी फोडाया लागले. रस्ता नेमका खाणीच्या तोंडावरनं आखलेला. मुकादम भला मानूस, म्हनला, मावशे, तुझा दगड बाजूला ठिवतो. म्या म्हनलं, बाजूला ठिवला म्हंजे उचललाच की रं, आन ज्यानं उचलायचा त्यो काय आता येत न्हाई. इतकी वर्सं मनात हुतं, तोंडातनं त्या दिवशी निघालं.

मग म्याच उचलला. लहान हुता वो, एका हातात मावला. बाकीच्या खडीत ठिवून फोडला. बायका रडाया लागल्या, मला रडू न्हाई आलं, राग आला, साहेबाचा, मालकांचा, समद्यांचाच. घरी यून कपाळ पुसलं.

सासूबायला आता दिसत न्हाई. रोज सकाळी इचारत्यात, दगड हाय का गं जागेवर? मी हाय म्हनते. तुमी बी जाताना त्यांच्या पाया पडा, आन इचारलं तर हाय म्हना. बरं हुईल तुमचं.